एकत्र वसाहत काढण्यापूर्वी

अलीकडे आमच्या कानी एक विचार वारंवार येऊ लागला आहे. आठ-दहा कुटुंबांनी मिळून जमीन घ्यावी, अवजारे व जनावरे एकत्र करावी, धान्य, दूध, तेल, भाजी सर्व आपल्या आपण पिकवावे, आणि बाजाराच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येऊ देऊ नये. शहरातील नोकरीस कंटाळलेले तरुण हे बोलतात, तसे आपल्यापैकी कित्येक खातेदारही बोलतात. विचार चांगला आहे, यात आम्हांस शंका नाही. तथापि दप्तरात उमेदीची वर्षे घालविल्यामुळे अशा विचारांचा शेवट कोणत्या कागदावर होतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून दोन शब्द लिहिण्याचे धाडस करितो.

एकत्र येण्याची गरज तर उघडच आहे. पुणे येथील शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १७७१ साली त्या गावी सरासरी ४० एकरांचे खाते होते. १९१५ साली ते ७ एकरांवर आले, असे त्यांस आढळले. आज त्या गावच्या शेतांवर मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. २०१५-१६ च्या कृषिगणनेत सबंध महाराष्ट्राची सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर निघाली. सव्वातीन एकरांच्या धन्याने स्वतंत्र बैलजोडी, स्वतंत्र मोटार व स्वतंत्र विहीर बाळगावी, हे कोणत्याही हिशेबात बसणारे नाही.

पण गरज आहे एवढ्यावरून वसाहत चालत नाही. १९५९ च्या जानेवारीत नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव झाला. चौधरी चरणसिंगांनी त्यास कडकडून विरोध केला, आणि ती कल्पना बहुतेक कागदावरच राहिली. शेतकऱ्यास शेजाऱ्याचे साह्य हवे असते. पण सातबाऱ्यावरील आपले नाव पुसणे त्याच्या जिवावर येते. याला आम्ही दोष म्हणत नाही. ज्याने सावकारी पाहिली, त्याला त्या एका ओळीची किंमत कळते.

ज्या वसाहती टिकल्या किंवा नावारूपास आल्या, त्यांची जमीन कोणाची होती, हे पाहण्यासारखे आहे. गांधीजींनी १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत दरबानजवळ फिनिक्स येथे एक हजार पौंडांस शंभर एकर जमीन घेतली आणि तेथे राहणाऱ्यांस तीन-तीन एकरांचे तुकडे दिले. पुढे १९१२ साली त्या वसाहतीचे विश्वस्तपत्र केले. १९१० साली निघालेल्या टॉल्स्टॉय फार्मची अकराशे एकर जमीन कॅलनबाख यांच्या मालकीची असून ती सत्याग्रही कुटुंबांस बिनभाड्याने मिळाली होती. आपल्याकडे वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९५१ साली आनंदवन वसविले, ते पन्नास एकर खडकाळ माळावर, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढ्या भांडवलावर, असे सांगतात. तेथे विहीर खणणे हेच अगदी आरंभीचे काम होते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २०१३ साली १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली जमीन ग्रामसभेस दिली. पण त्यापूर्वी २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क त्या गावास मिळालेला होता. तात्पर्य, यांपैकी प्रत्येक ठिकाणी मालकीचा प्रश्न आरंभी किंवा योग्य वेळी, पण स्पष्टपणे सोडविला गेला. आपल्याकडे तो ‘पुढे पाहू’ म्हणून ठेवितात, आणि पुढे तो तहसील कचेरीत पाहावा लागतो.

आता दहा घरांचा, म्हणजे पन्नास माणसांचा हिशेब मांडू. माणशी वर्षास दीड क्विंटल धान्य धरिले तर ७५ क्विंटल होते. कोरडवाहू रबी ज्वारी एकरी साडेचार क्विंटल धरली, तर त्यास सुमारे १७ एकर लागतात. डाळ माणशी १८ किलो म्हणजे ९ क्विंटल. तुरीचे ३ एकर. तेल माणशी १२ किलो म्हणजे ६ क्विंटल; त्यासाठी सुमारे २० क्विंटल करडई, म्हणजे ६ एकर. तेलास डाळीच्या दुप्पट जमीन लागते, हे पुष्कळांच्या ध्यानीही नसते. हे झाले २६ एकर. मीठ, कापड, औषध, मुलांची फी व विजेचे बिल शेतात पिकत नाही. त्यासाठी विकावयाचे पीक दहा-बारा एकर हवे. घरे, गोठे, खळे व हिरवा चारा धरून चाळीस एकरांखाली हे जमत नाही. शिवाय दुष्काळाचे एक वर्ष पदरी धरावे लागते. १९७२ साल ज्यांनी पाहिले, त्यांस हे सांगावयास नको. पूर्वी पेवे होती, ती याचसाठी.

जनावरांचा हिशेब याहून कडक आहे. दहा-बारा एकरांस एक याप्रमाणे तीन बैलजोड्या व दहा गाई धरिल्या, तर सोळा जनावरे झाली. दर जनावरास रोज पाच किलो वाळला चारा म्हटले तरी वर्षास २९२ क्विंटल लागतो. सतरा एकर ज्वारीचा कडबा बऱ्या वर्षी एकरी पंधरा क्विंटलप्रमाणे २५५ क्विंटल. म्हणजे बऱ्या वर्षीही ३७ क्विंटलांची तूट, आणि वासरे त्यात धरिलेली नाहीत. ज्वारी मोडून सोयाबीन पेरिले की पैसा दिसतो, पण कडबा जातो. कडब्यामागे जनावर जाते, जनावरामागे शेणखत जाते, आणि स्वयंपूर्ण म्हणविणारी वसाहत खताच्या दुकानापुढे रांगेत उभी राहते. म्हणून गाई प्रथम आणून मग चारा शोधणे हा उलटा व्यवहार होय. आधी कडब्याची गंज रचावी, मग दावे घ्यावे.

अवजारांबद्दल आमचे मत थोडक्यात असे. चाळीस एकरांसाठी स्वतःचा ट्रॅक्टर घेणे म्हणजे बँकेचा हप्ता दारात बांधणे होय; तो वर्षातील बहुतेक दिवस उभा राहतो. तो भाड्याने आणावा. नांगर, कुळव, पाभर, मळणीयंत्र, पिठाची चक्की व तेलाचा घाणा मात्र सामाईक असावा. आणि अवजारांच्या यादीत सुताराचे हत्यार व लोहाराचा भाता विसरू नये. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. जुन्या गावगाड्यास आपण स्वयंपूर्ण म्हणून मान डोलावतो. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून त्याचा व्यवहार मांडून ठेवला आहे. त्या काळीही मीठ व लोखंड बाहेरूनच येई. आणि गावाचे पुष्कळसे काम वतनाच्या नावाखाली काही जातींच्या पाठीवर लादलेले असे. ती कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने नाहीशी झाली, हे योग्यच झाले. नव्या वसाहतीत ज्याचा घाम त्याचा हिस्सा हा नियम हवा, आणि त्यात स्त्रियांच्या घामाचीही नोंद हवी. धार काढणारीचे नाव हजेरीपटावर नसेल, तर तो हिशेब खोटा.

कायद्याची बाजूही आधी पाहावी. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाखाली परवानगी लागते. शहरातील मित्रांचे पुष्कळ बेत येथेच अडतात. सर्व जमीन एकाच कुटुंबाच्या नावे घ्यावी म्हटले, तर १९६१ च्या कमाल धारणा कायद्याची मर्यादा आहे: कोरडवाहूस ५४ एकर, पण खात्रीच्या पाण्यावर दोन पिके येणाऱ्या जमिनीस अवघे १८. शिवाय ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या वारसांच्या नावावर ती उद्या जाणार. बाकीच्यांचा विश्वास फेरफारात उतरत नाही.

हे आम्ही परक्यांचे पाहून लिहीत नाही. आमच्याच घराण्यात तीन चुलतभावांची एक सामाईक विहीर होती. मोट होती तोवर पाळी तोंडी चालली. मोटेला बैल लागत, आणि बैल दमला की पाळी आपोआप संपे. पुढे विजेची मोटार बसली. मोटार दमत नाही. एका उन्हाळ्यात पाळीवरून शब्द वाढला, वीजजोडणी एकाच्याच नावावर निघाली, आणि सातबाऱ्याच्या इतर अधिकारात हिश्श्याची ओळ कोणीच लावून घेतलेली नव्हती. दुसऱ्यांचे फेरफार लिहिणाऱ्या आमच्या हातून घरची ही एक नोंद राहिली. अकरा वर्षे त्या विहिरीवर मोटार फिरली नाही. आत पाणी होते, वर मोसंबीची बाग वाळली. तिघेही भाऊ वाईट नव्हते, हे आम्ही आजही शपथेवर सांगू.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ज्यांस वसाहत काढावयाची आहे, त्यांनी मालकी लगेच एक करू नये. प्रत्येकाचा सातबारा ज्याचा त्याच्याजवळ राहू द्यावा, आणि पाणी, वाट, चारा, अवजारे व हिशेब एवढेच प्रथम एकत्र करावे. विहिरीचा हिस्सा व वाट यांची नोंद पहिल्या महिन्यात करून घ्यावी. कोणी काय आणले, त्याची त्या दिवशीची किंमत एका वहीत सर्वांच्या सह्यांनी लिहावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, जाणाऱ्याचा नियम येणाऱ्याच्या आधी करावा: कोणी निघाला किंवा मृत्यू पावला, तर त्याचा हिस्सा प्रथम कोणास द्यावयाचा, कोणत्या दराने, किती हप्त्यांत. हा विषय अशुभ समजून टाळितात. पण लग्नात याद्या करावयास आपण लाजत नाही, मग येथेच का लाजावे?

अशी तीन वर्षे, त्यांत एक वर्ष पावसाने दगा दिलेले, ज्यांनी न भांडता काढली, त्यांनी मग खुशाल सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी नोंदवावी आणि जमीनही एक करावी. त्यांस आमचा आशीर्वाद आहे. आपल्या संघाने अशा नियमांचा एक नमुना तयार करून सभासदांस द्यावा, अशी आमची विनंती आहे. तो लिहून काढण्याचे काम आमच्याकडे दिल्यास आम्ही ते आनंदाने व विनामूल्य करू. आमच्या विहिरीचे तेवढेच ऋण फिटेल.