कालवा घुशींनी पोखरला, पण घुशींना पोसलं कोणी?

पुणे : शहरातल्या घुशी ही शहरवाल्यांची डोकेदुखी, आपला काय संबंध, असं दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला वाटू शकतं. पण २७ सप्टेंबर २०१८ चा दिवस आठवा. त्या दिवशी खडकवासल्याहून येणाऱ्या मुठा उजव्या कालव्याची भिंत दांडेकर पुलाजवळ फुटली. झोपडपट्टीत पाणी घुसलं, शेकडो संसार उघड्यावर आले. हाच कालवा पुढे हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला पाणी देतो. म्हणजे भिंत फुटली शहरात आणि घोर लागला टेलच्या शेतकऱ्याला.

तत्कालीन जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याचं सांगितलं. त्यावरून त्यांची भरपूर खिल्ली उडाली. मात्र घूस बांध पोखरते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. बिळातून पाणी झिरपतं, सोबत माती नेतं, बीळ रुंदावतं आणि एक दिवस भराव खचतो. खरा प्रश्न वेगळाच आहे. बिळं पडली तेव्हा ती बुजवायची जबाबदारी कोणाची होती? आणि कालव्याकडेला कचरा, खरकटं टाकून घुशींना पोसलं कोणी?

औषधाच्या गोळ्या टाकल्या की काम झालं, हा समज सरकारी पातळीवरही दिसतो. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी मंत्रालयात सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याच्या हिशेबावर विधानसभेत बोट ठेवलं. नंतर तो आकडा उंदरांचा नसून गोळ्यांचा असल्याचा खुलासा झाला. गोळ्या मोजल्या गेल्या, पण उंदीर किती घटले ते कळलंच नाही.

घरातही तेच होतं. उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं देते. दहा मारले तरी खायला आणि लपायला जागा असेल तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेवढेच. त्यामुळे आधी धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवायचं, पोती भिंतीपासून हातभर लांब आणि फळीवर रचायची. रात्री खरकटं, जनावरांचं उरलेलं खाद्य उघडं ठेवायचं नाही. बोट जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो, म्हणून भोकं सिमेंट आणि जाळीने बुजवायची.

त्यानंतर पिंजरा. औषध सगळ्यात शेवटी. झिंक फॉस्फाईड वापरायचं तर आधी दोन-तीन दिवस तेल लावलेलं साधं धान्य ठेवून उंदरांना सवय लावावी लागते. नाहीतर एखादा मरतो आणि बाकीचे शहाणे होतात. हे विष हाताने कालवू नये, काडीने कालवावं. मेलेले उंदीर खोल पुरावेत. या विषावर उतारा नाही. पोराच्या पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नये, पाकीट सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा.

एकट्या घराने हे करून भागत नाही. शेजारचा उकिरडा तसाच राहिला तर उंदीर भिंत ओलांडून येणारच. आळीने एकाच आठवड्यात मोहीम घेतली तरच फरक पडतो. कालव्याचंही तसंच. आवर्तन सुटण्याआधी भरावाची पाहणी झाली का, बिळं बुजवली का, हे ग्रामसभेत विचारायला हवं. पाणी वाहून गेल्यावर घुशींना दोष देऊन पीक परत येत नाही.