कव्हरमागची दोनशेची नोट

‘काका, जीपे चालेल ना?’ दस्तुरी नाक्यावर आमच्या तीन बॅगा उचलणाऱ्या हमालकाकांना मी विचारलं. चालेल म्हणाले. माथेरानमध्ये मोटारींना बंदी. गाडी दस्तुरीला सोडायची आणि पुढे बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर चालायचं, नाहीतर घोडा, ई-रिक्षा किंवा अमन लॉजहून शटल. आम्ही चालत गेलो. हॉटेलच्या दारात पोचलो आणि स्क्रीनवरचं ते गोल चक्र जे फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. पाऊस, धुकं, रेंजची एकच काडी. चार जणांचे चार महागडे फोन आणि चौघांत मिळून रोख सत्तर रुपये!

काका वीस मिनिटं थांबले. मग ‘राहू द्या ताई, उद्या उतराल तेव्हा द्या’ म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पैसे दिले, पण ती वीस मिनिटं कुठून देणार? शनिवारची सकाळ होती, खाली गाड्यांवर गाड्या येत होत्या. त्यांची एक फेरी नक्की बुडाली असेल. आम्ही मात्र तोवर गरम चहा घेत होतो.

इमर्जन्सी कॅश म्हटलं की आपण फक्त स्वतःच्या अडचणीचा विचार करतो. पेमेंट अडकलं की खरा अडकतो तो हातावर पोट असलेला माणूस. आणि हे काही डोंगरावरच होतं असं नाही. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय देशभर काही तास कोलमडलं, तेव्हा फुल रेंज असूनही उपयोग नव्हता.

मान्य, रोख हरवते, सुट्ट्यांची कटकट असते. रोजचे व्यवहार मीही फोनवरच करते. *९९# डायल करून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात हे मला घरी आल्यावर कळलं, पण त्यालाही मोबाइलची रेंज लागतेच. एटीएम म्हणाल, तर त्यातून बहुतेक वेळा पाचशेच्या नोटा निघतात. वाटेवर करवंदं विकणाऱ्या मावशींनी सुट्टे कुठून आणायचे?

माझा हिशेब पाचशेचा आहे. दोनशेची एक नोट मोबाइलच्या कव्हरमागे, उरलेले तीनशे शंभर-पन्नास-वीसच्या नोटांत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सॅकच्या आतल्या कप्प्यात. अवघड भाग एकच, ते मोडायचे नाहीत. परवाच कर्जत स्टेशनवर वडापावसाठी मी कव्हरमागची नोट मोडली. ती जागा अजून रिकामीच आहे.