रात्री घरात धूर कोंडला तर उठवणार कोण? स्मोक अलार्म घेताना काय बघायचं

बीड : ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा फाट्यावर फर्निचरच्या दुकानाला रात्री आग लागली. तिथंच राहणाऱ्या एकाच कुटुंबातील पाच जण गेले, त्यात दोन मुलं होती. त्याआधी ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे चारच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली टेलरिंगचं दुकान आणि वर घर असलेल्या इमारतीत आग लागून सात जणांचा जीव गेला. पोलिसांनी तेव्हा दिलेल्या प्राथमिक माहितीनुसार आग वरच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. माणसं धुरानं गुदमरून गेली.

अशी घरं गेवराई, माजलगाव, केज, परळी, अंबाजोगाई सगळीकडं आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधे एकच जिना आणि रात्री शटर बंद. खेड्यात दुकान नसेल, पण भाव वाढेल म्हणून खोली भरून ठेवलेला कापूस असतो, इन्व्हर्टरची बॅटरी असते, रात्रभर चार्जिंगला लावलेली ई-बाईक असते. म्हणून हा विषय फक्त शहराचा नाही.

जाळाआधी धूर मारतो

"धूर झाला तर वास येईल की, जाग येईल," असं आपण धरून चालतो. तसं होतंच असं नाही. गाढ झोपेत वासानं जाग येईल याचा भरवसा नसतो. उलट धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू माणसाला आणखी गुंगीत नेतो. त्याला रंगही नाही आणि वासही नाही. मात्र कान झोपेतही बऱ्यापैकी काम करतात. स्मोक अलार्मचं सगळं काम याच एका गोष्टीवर चालतं. थोडा धूर आत शिरला की तो कर्कश ओरडतो. चांगल्या अलार्मचा आवाज तीन मीटरवर ८५ डेसिबल, म्हणजे दार लोटलेलं असलं तरी बहुतेकांना उठवेल इतका असतो.

अमेरिकेतल्या घरांच्या आगींची आकडेवारी सांगते, की जिथं चालू अलार्म होता तिथं मृत्यूचं प्रमाण अलार्म नसलेल्या घरांच्या निम्म्याहून कमी होतं. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात अलार्म सक्तीचा आहे. आपल्याकडं २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा आहे, पण त्याचा भर मोठ्या इमारती, दवाखाने, हॉटेलं यांच्यावर. तुमच्या दुमजली घरात अलार्म आहे का, हे बघायला कुणी येत नाही. ते आपलं आपणच बघायचं.

घेताना फसू नका

पहिली गोष्ट, 'डिटेक्टर' आणि 'अलार्म' यात फरक आहे. हॉटेलात, बँकेत छताला दिसतात ते बहुतेक डिटेक्टर असतात. त्यांना वायरनं वेगळं पॅनल जोडावं लागतं, एकटे ते वाजत नाहीत. घरासाठी बॅटरी आणि भोंगा आतच असलेला 'स्टँडअलोन' स्मोक अलार्म मागा. तो लाईट गेली तरी चालतो, आणि आपल्याकडं लाईट किती भरवशाची आहे हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट, प्रकार. 'फोटोइलेक्ट्रिक' (काही ठिकाणी 'ऑप्टिकल' लिहितात) अलार्ममध्ये धूर उजेडाच्या किरणावर पकडला जातो. आतल्या आत धुमसणारी आग तो लवकर ओळखतो. कापूस, गादी, वायरचं आवरण बऱ्याचदा असंच धुमसत पेटतं. 'आयोनायझेशन' प्रकार भडकलेली आग लवकर पकडतो, पण फोडणीच्या धुरावरही सारखा वाजतो. मग लोक वैतागून त्याची बॅटरीच काढून टाकतात. आपल्या घरांसाठी फोटोइलेक्ट्रिकच बरा.

तिसरी गोष्ट, पाकीट वाचा. ईएन १४६०४ किंवा युएल २१७ यापैकी एखादं मानक, बनवल्याची तारीख, आणि किती तापमानापर्यंत चालतो हे बघा. बऱ्याच अलार्मची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं, त्यामुळं ही ओळ सोडू नका. ऑनलाईन किंमत काही शे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत दिसते. नाव-गाव नसलेला फार स्वस्त माल टाळा.

कुठं लावायचा?

एकच घेणार असाल तर झोपायच्या खोलीजवळ लावा. दोन मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर एक हवा. खाली दुकान असेल तर दुकानातला अलार्म वर ऐकू आला पाहिजे. त्यासाठी एक वाजला की दुसराही वाजतो असे बिनतारी जोडणीचे अलार्म मिळतात. महाग पडतात, पण अशा घरात खर्च तिथंच करावा.

धूर वर जातो, म्हणून स्लॅबच्या छताला मधोमध लावा. पत्र्याचं घर असेल तर अगदी पत्र्याला चिकटवू नका. तापलेल्या पत्र्याखालच्या गरम हवेचा थर धूर अडवतो. थोडा खाली, भिंतीवर किंवा आडव्या अँगलला बसवा. चुलीजवळ, गॅसच्या शेगडीवर, पंख्याच्या झोतात नको. देवघरातल्या उदबत्तीपासूनही लांब ठेवा.

महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायचं. अमावास्येचा दिवस धरला तर विसरणार नाही. मधूनमधून 'टिक' असा आवाज आला तर बॅटरी संपत आली समजा. धूळ पुसत राहा. दहा वर्षांनी अलार्म बदला, वाजत असला तरी.

अलार्म काय करत नाही

तो सिलिंडरची गळती ओळखत नाही. त्यासाठी वेगळा गॅस डिटेक्टर लागतो आणि तो खाली, जमिनीजवळ लावतात, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळतीची तक्रार १९०६ वर करा. ऊसतोडीच्या कोपीतही अलार्मचा उपयोग कमी, पाचट मिनिटांत पेटतं. तिथं चूल कोपीबाहेर आणि वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवणं हाच उपाय.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अलार्म दार उघडून देत नाही. जाग आली, पण जिना धुरानं भरला आणि खिडक्यांना पक्की जाळी असेल तर? म्हणून एका खिडकीची जाळी आतून उघडणारी करून घ्या किंवा गच्चीचा रस्ता मोकळा ठेवा. कुलपाची किल्ली दाराजवळच टांगा, आणि ती घरातल्या लहानांनाही माहीत हवी. जिन्याखाली गाडी चार्जिंगला लावू नका. धुरातून निघताना वाकून, जमिनीलगत चला. बाहेर पडल्यावर १०१ किंवा ११२ ला फोन करा, सामानासाठी परत आत जाऊ नका.

अग्निशमनची गाडी तालुक्याच्या गावाहून निघून आपल्या वस्तीवर पोहोचेपर्यंत किती वेळ जातो, हे आपल्याला माहीत आहे. तेवढ्या वेळात आपला जीव आपल्यालाच वाचवायचा असतो, आणि त्यासाठी आधी जाग यायला हवी. मुलं वसतिगृहात असतील तर तिथंही विचारा : अलार्म आहे का, आणि रात्री दाराची किल्ली कुणाकडं असते?