पडक्या भिंतींचे रसिक

गेल्या गणेशोत्सवात जबलपुरातील एका मराठी बिऱ्हाडी आरतीनंतर छायाचित्रे दाखविण्याचा कार्यक्रम झाला. यजमान सरकारी अधिकारी. हौस जुन्या, ओसाड वास्तूंची चित्रे टिपण्याची. भिंतीतून फुटलेला पिंपळ, निखळलेली चौकट, छपराच्या भोकातून उतरलेला उन्हाचा कवडसा. चित्रे सुरेख होती, यात वाद नाही. मथळे होते ‘विस्मृती’, ‘एकांत’, ‘काळाच्या पाऊलखुणा’. आम्ही विचारले, “हा दरवाजा कोठला?” यजमान म्हणाले, “सिव्हिल लाइन्सकडचा कुठला तरी बंगला असेल. पण उजेड पाहा काय पडला आहे!”

त्या उत्तराविरुद्ध आमची तक्रार आहे. ज्या चित्राखाली ठिकाण नाही आणि तारीख नाही, ते त्या वास्तूची आठवण राखीत नाही. उलट तिचे उरलेसुरले नावही पुसून टाकते. वास्तू एकदा माणसांनी सोडली म्हणून ओसाड झाली. आता तिच्या रसिकांनीच तिला बेवारस ठरवावे, याला रसिकता कसे म्हणावे?

भेडाघाटला धुवाँधार पाहण्यास आपण सारेच जातो. तेथील टेकडीवरची चौसष्ट योगिनींची वर्तुळाकार ओवरी दहाव्या शतकाच्या सुमारास, कलचुरी राजवटीत उभी राहिली. मूर्ती बहुतेक भग्न; कोणाचे मुख गेले, कोणाचे हात. परंतु कित्येकींच्या बैठकीवर त्यांची नावे कोरलेली आहेत, आणि म्हणूनच मुख नसलेली देवीही आज ओळखू येते. त्या कोरक्याची कलादृष्टी आपल्या कॅमेरावाल्यांहून उणी होती, असे कोण म्हणेल? तरीही मूर्तीखाली नाव घातल्याने तिच्या सौंदर्यास बाध येतो, असे त्याला वाटले नाही.

त्याच भेडाघाटचा राणी अल्हणदेवीचा शिलालेख घ्या. कलचुरी संवत ९०७, म्हणजे इ.स. ११५५ मधला हा दगड एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल या पंडिताच्या हाती लागला आणि शेवटी अमेरिकेत, तेथील प्राच्यविद्या संस्थेच्या संग्रहात जाऊन पडला. दगड गेला याची चीड आम्हांलाही येते. परंतु हॉलने तो कोठे मिळाला हे सांगितले, त्याचा पाठ छापला. म्हणून आपले म. म. वा. वि. मिराशी १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कलचुरी लेखांच्या ग्रंथात त्याला त्याच्या जागी बसवू शकले. दगड नेणाऱ्या परकीयाने जेवढी नोंद ठेवली, तेवढीही रविवारी सकाळी मदनमहालाच्या टेकडीवर चढणारे आपले मित्र ठेवीत नाहीत.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: ‘छायाचित्र ही कला आहे, पंचनामा नव्हे.’ अधिकाऱ्याच्या तोंडी पंचनाम्याविषयीचा हा तिटकारा ऐकून आम्हांला गंमत वाटते. पण ते असो. पॅरिसमध्ये अजे नावाचा छायाचित्रकार होऊन गेला. नव्या बांधकामांपुढे जुने पॅरिस नाहीसे होत होते, तेव्हा त्याने पहाटेच्या निर्मनुष्य गल्ल्या, जिने, दरवाजे हजारोंनी टिपले. आपल्या चित्रांना तो कागदपत्रेच म्हणे. गल्लीचे नाव नोंदवी आणि चित्रे ग्रंथालयांना व संग्रहालयांना विकी. १९२७ मध्ये तो वारला. पुढे त्याला थोर कलावंत म्हणून जगाने डोक्यावर घेतले, ते त्या नोंदींसकट. पत्ता लिहिल्याने कला मेली असती, तर ती त्याच्या हातून केव्हाच मरावयास हवी होती.

जबलपूरला तर या नोंदींची निकड अधिक. २२ मे १९९७ च्या पहाटे येथे भूकंप झाला. माणसे दगावली, घरे पडली, कितीएक जुन्या भिंती तडकल्या. अशा वेळी कोणती भेग जुनी आणि कोणती नवी, हे सांगण्यास तारखेचे चित्र लागते, आणि तेही चारी बाजूंचे. कवडसा ज्या कोनातून देखणा दिसतो, तेवढाच कोन टिपून भागत नाही. मागची भिंत कोणी टिपत नाही. ती देखणी नसते.

आणि आपण मराठी माणसे! १७८१ मध्ये गढा-मंडला सागरच्या मराठ्यांकडे आले, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले, हा इतिहास आपण मंडळाच्या व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. बदलीवर आलेले कित्येक मराठी अंमलदार या गावात नांदले आणि निघून गेले. कोण कोणत्या बंगल्यात राहिला, हे आपल्यांतील किती जणांना सांगता येईल? दुसऱ्याच्या विस्मृतीवर मथळे लिहिणाऱ्यांनी आधी आपली विस्मृती तपासावी.

हे काम अवघड असते, तर आम्ही एवढे रागावलो नसतो. पण वाचकहो, इमारतींची रजिस्टरे आपल्याच कचेऱ्यांतल्या कपाटांत पडली आहेत. बंगल्याचा क्रमांक, बांधल्याचे वर्ष, दुरुस्तीचा खर्च, कोणत्या साली तो वापरास अयोग्य ठरला, हे बाहेरच्या माणसाला अर्ज करून, खेटे घालून मिळवावे लागते; आपल्याला शिपायाकडून फाइल मागवावी लागते, इतकेच. पाडण्याच्या हुकुमावर सही करणाराही कधी कधी आपल्यांतलाच असतो. त्याने सही करण्यापूर्वी त्या घराची बारा चित्रे घ्यावीत, पाठीमागे ठिकाण व तारीख लिहावी आणि एक संच फाइलीत लावावा. यास कोणत्या मंजुरीची गरज आहे?

आमचेही हात स्वच्छ नाहीत. आमच्या ट्रंकेत एका दगडी कमानीचे चित्र आहे. कमानीत एक म्हातारी धान्य पाखडीत बसली आहे. ते आम्हीच, नव्या कॅमेऱ्याच्या उत्साहात, गढ्याच्या बाजूस कोठेतरी काढले. गेल्या महिन्यात ती कमान शोधण्यास आम्ही दोन रविवार हिंडलो. लोकांना चित्र दाखविले; कोणी पूर्वेकडे बोट केले, कोणी पश्चिमेकडे. पाठीमागे आमच्याच हस्ताक्षरात एवढेच लिहिले आहे: ‘संध्याकाळ’.