'कुणालाच सोडत नव्हते' हे खरे नाही



मराठा आंदोलनात रस्त्यावरची पोरे कुणालाच सोडत नव्हती, असे एका वाचकाने लिहिले आहे. माझा अनुभव निराळा. ३१ ऑक्टोबर २०२३. आदल्याच दिवशी बीड पेटलेले. लेकीचे विमान हैदराबादहून (आम्हा उदगीरकरांना तेच जवळ). पहाटे तीनला निघालो. कमलनगरच्या अलीकडे रस्त्यावर टायर जळत होता. एकाने गाडीच्या काचेवर काठी वाजवली, "मामा, कुठं?" लेकीने पासपोर्ट दाखवला. पोराने पायानेच टायर सरकवला. चप्पल करपल्याचा वास आला. मागच्या दिव्यावर मात्र कुणीतरी दगड घातलाच. त्याचे समर्थन नाही. पण खरा उशीर झाला तो पुढे, ड्रायव्हर दोनदा रस्ता चुकला म्हणून.

— एक वाचक, उदगीर