घाम खेळाडूचा, पावती कुणाच्या नावावर?

आपल्या फीच्या पावतीवर ‘क्रीडा शुल्क’ अशी एक ओळ असते. रक्कम किरकोळ, म्हणून कुणी विचारत नाही. ही ओळ किती फुगू शकते ते अमेरिकेत बघा. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात विद्यार्थ्याला खेळांसाठी वर्षाला 2000 डॉलरहून जास्त मोजावे लागतात. मॅच बघा नाहीतर बघू नका!

त्यात आता तिथल्या खेळाडूंना पैसे मिळू लागलेत. कॉलेज-खेळांची संस्था एनसीएएविरुद्धच्या खटल्यात तडजोड झाली आणि 1 जुलै 2025 पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर.

“पैशानं खेळ बिघडला” म्हणून लगेच गळे काढणाऱ्यांनी थांबावं. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा गोंडस शब्द 1950च्या दशकात रुजवला गेला, तो जखमी खेळाडूला कामगार म्हणून भरपाई द्यावी लागू नये म्हणून. 1955 मध्ये रे डेनिसन हा कॉलेजचा फुटबॉल खेळाडू डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेला कोर्टानं भरपाई नाकारली. दुसरीकडे अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांचा पगार वर्षाला 1 कोटी डॉलरच्या वर गेला होता. प्रशिक्षकानं घेतलं की कर्तृत्व, पोरांनी मागितलं की लोभ?

पोरांना द्यायलाच हवं. माझं भांडण पुढच्या प्रश्नावर आहे: देणार कोण? टीव्हीचा पैसा आहे, श्रीमंत माजी विद्यार्थी आहेत. पण टेनेसी विद्यापीठानं तिकिटावर 10 टक्के ‘टॅलेंट फी’ लावली. जुन्या खेळाडूंच्या 2.8 अब्ज डॉलर भरपाईसाठी एनसीएए ज्या वाटपाला कात्री लावतेय, त्यात छोट्या कॉलेजांचाही वाटा जातो. त्यांच्यावर तर खटलाच नव्हता. आणि जिथं टीव्हीवाले फिरकत नाहीत, तिथं शेवटी सगळ्यांत सोपं गिऱ्हाईक म्हणजे फी भरणारा विद्यार्थी. त्यातले कितीतरी कर्ज काढून शिकतात. मोठ्या साहेबांचे पगार मात्र जागच्या जागी.

आता आपल्याकडे या. इथं खेळाडूला पगार सोडाच, स्पर्धेला जायचा प्रवासभत्ता मिळाला तरी पुष्कळ. मग क्रीडा शुल्क किती जमलं, खेळाडूंवर किती खर्चलं? सरकारी कॉलेजात असाल तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. या सत्राचा हिशेब मागा, आणि उत्तर मराठीत हवं असेल तर तेही अर्जात लिहा.