ऑपरेशन तिचं, विचारणा कुणाला?

श्रावण सरत आला होता. पालघर जिल्ह्यातल्या माझ्या सजातल्या एका गावी महिला शेतीशाळेत मी पाठीवरच्या फवारणी पंपाचे प्रात्यक्षिक घेत होते. माझी मावशी त्याच गावात दिलेली. एरवी सगळ्यांच्या पुढे असणारी ही बाई त्या दिवशी पडवीच्या खांबाला टेकून बसली होती. पंप घ्यायची पाळी आली तशी म्हणाली, "मला नको गं, पट्टा लागतो." पट्टा लागत होता तिथे दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनची शिवण होती. कर्करोगामुळे तिचा डावा स्तन काढला आहे.

उपचारासाठी ती घाटकोपरला लेकीच्या खोलीत राहिली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावले, काय करायचे ते सांगितले, सही घेतली. मावशी खाटेवरच. पुढे तपासणीच्या रांगेत बोरिवलीची एक बाई भेटली. तिच्याकडून कळले, की काढलेला स्तन शस्त्रक्रियेने पुन्हा बनवता येतो, तिने तसा करूनही घेतला आहे. मावशी मला एवढेच बोलली, "मी नकोच म्हटलं असतं. पण विचारायला काय झालं होतं?"

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. शेतकरी बंधूंनो, म्हशीच्या कासेला दगडी झाली तर आपण तासाभरात गुरांच्या डॉक्टरांना बोलावतो, चार माणसांत कासेला हात लावून पाहतो, त्यात लाज वाटत नाही. घरातल्या बाईच्या छातीतली गाठ मात्र दोन सुगी उलटल्या तरी पदराखाली राहते. आणि दुसरे कारण असे, की ऑपरेशननंतर काय करायचे याचा आपल्याकडच्या बाईच्या शेतकामाशी थेट संबंध आहे. शहरातल्या डॉक्टरला ते काम ठाऊक नसते, म्हणून ते सांगायला हवे.

स्तन पुन्हा बनवण्याच्या ढोबळ दोन वाटा. एक सिलिकॉनचा कृत्रिम भाग आत बसवण्याची. ऑपरेशन त्या मानाने लहान, पण नंतर किरणोपचार म्हणजे शेक घ्यायचा असेल तर तो भाग आवळून कडक होण्याचा धोका वाढतो, आणि काही वर्षांनी पुन्हा ऑपरेशन लागू शकते. दुसरी वाट आपल्याच अंगाचे मांस वापरण्याची. पाठीचा रुंद स्नायू फिरवून पुढे आणतात, किंवा पोटाची कातडी-चरबी घेतात. आता बघा, पाठीचा हा स्नायू म्हणजे विहिरीचा दोर ओढायचा, कोयता चालवायचा, भात झोडायचा स्नायू. पोटाचा स्नायू घेतला तर भारा उचलून उभे राहताना जोर कमी पडतो, हर्नियाही होऊ शकतो. पोटाचा स्नायू जागेवर ठेवून फक्त कातडी, चरबी आणि रक्तवाहिन्या घेण्याची पद्धतही आहे. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात, वेळ फार लागतो आणि ती सगळीकडे होत नाही. कुठल्याही पद्धतीत काही आठवडे जड उचलणे बंद. पूर्वीची संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणून बाईने डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, मी डोक्यावर भारा वाहते, धार काढते, ४५ किलोची युरियाची गोणी हलवते. आणि मिश्री लावत असेल तर तेही लपवू नये. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जोडलेले मांस जगत नाही, जखम भरत नाही. आपल्याकडे मिश्रीला व्यसन कुणी म्हणतच नाही, ही खरी अडचण.

हे सगळे लगेच ठरवावे लागते असेही नाही. वर्षा-दोन वर्षांनी, त्याहून उशिरासुद्धा स्तन बनवता येतो. त्याने आजार उलटण्याचे प्रमाण वाढत नाही.

आणि नको असेल तर नको. सपाट छातीने जगणाऱ्या कितीतरी बायका आहेत, त्यांच्यात काही उणे नाही. ब्लाउजमध्ये घालायचा कृत्रिम स्तन मिळतो. मुंबईत काही महिला सुती धाग्याचे विणून मोफत देतात. मावशीने स्वतःच कापडाची पिशवी शिवली आणि मोहरी भरली. वजन दुसऱ्या बाजूइतके येईपर्यंत दोनदा उसवली म्हणे. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर मात्र, स्तन बनवला काय अन् न बनवला काय, त्या बाजूचा हात सुजू शकतो. काटे, विळा, चूल यांपासून तो जपावा, कापणीला हातमोजा घालावा. रोजगार हमीच्या कामावर अशा बाईला पाणी वाटण्याचे काम देणे रोजगार सेवकाला जड नाही.

गाठ लहान असतानाच सापडली तर पुष्कळदा पूर्ण स्तन काढावाच लागत नाही. फक्त गाठ काढून शेक दिला तरी आयुष्य तेवढेच राहते, हे परदेशातल्या वीस वर्षांच्या पाहण्यांतून २००२ साली पक्के झाले. आपल्या बायका तरी पूर्ण काढून घेतात, कारण शेकासाठी तीन ते पाच आठवडे मुंबईत कुणाकडे राहायचे? मुलुंड-अंधेरीच्या पाहुण्यांकडे पहिला आठवडा गोड जातो. लवकर सापडण्याचा उपायही मुंबईतच सिद्ध झाला. परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांची पाहणी केली. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या महिला दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. २०२१ साली निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. मशीन नाही, काही नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. स्तन काढण्याचे ऑपरेशन त्यात बसते, पण बनवण्याची शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात, त्या पद्धतीची, बसते का हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, तिथेही चौकशी करावी. ग्रामसेवक भाऊसाहेब आणि तलाठी यांना विनंती, की रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर ते आताच दुरुस्त करून द्या. मुंबईला पोचल्यावर त्या एका वेलांटीपायी बाईला परत गावी यावे लागते. आशाताईंनी सोबत जावे आणि डॉक्टर नवऱ्याला बाजूला घेऊ लागले तर म्हणावे, तिच्यासमोर बोला.

मावशीची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. या खेपेला तिच्याबरोबर मी जाणार आहे, आणि काकांना भात मळायला घरी ठेवणार आहे.